पाण्यात पाहणे

सकाळी सव्वापाचला ग्रिम्सबीत जागे असतात ते सीगल
आणि आम्ही.
मिनीबसच्या काचेवरचा बर्फ मी लायब्ररीच्या कार्डाने खरवडते.
मागे अकरा पोरं, उशा, केळी,
आणि एक हरवलेला गॉगल,
ज्याची चौकशी थेट हंबरच्या पुलापर्यंत चालते.

आमच्या भाषेत एखाद्याला पाण्यात पाहणं
म्हणजे त्याचा रागराग करणं.
माझं तर ते कामच आहे.
पगार नाही. पेट्रोलचे पैसे, तेही मार्च उलटल्यावर.
(पलीकडच्या क्लबचा नायजेल मात्र
मला जुन्याच अर्थाने पाण्यात पाहतो.)

टॅम्सिन खिडकीशी. बारा वर्षांची.
दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक.
काउंटीसाठी हवेत तीन मिनिटं दहा.
तिचे आजोबा ट्रॉलरवर होते, आइसलंडपर्यंत जायचे,
पोहायला शिकले नाहीत, मुद्दाम.
त्या पाण्यात पोहता आलं तर
मरायला फक्त उशीर लागतो, असं म्हणायचे.
हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं,
टोपीत केस कोंबता कोंबता.

मी यांना डोळे मिटायला शिकवते.
ठोकळ्यावर उभी राहा. तळव्यांना खरखर लागू दे.
शिट्टी. आता पाणी.
थंड नाही, गरम नाही, नुसतं पाणी.
पाचव्या फेरीत मांड्या बोलायला लागतील.
बोलू दे. तू उत्तर देऊ नकोस.
कोर्समध्ये याला लांबलचक नाव होतं.
मी म्हणते, आधी मनात भिजून घे.

माझ्या वेळी असं काही नव्हतं.
कराडला, कोयनेच्या काठी,
पाठीला भोपळा बांधला
आणि मामाने ढकललं.
मनाची तयारी झाली ती नाकातोंडात पाणी गेल्यावर.

हलचा तलाव. गॅलरीत बेकरीसारखी ऊब,
पालकांच्या हातात कागद, कानामागे पेन.
टॅम्सिन दोनदा ओकली.
मी बाहेर टॉवेल धरून उभी.
"आणि जर..." ती म्हणाली.
म्हटलं, जर-तर नंतर. आधी तोंड धू.

मग आठ फेऱ्या.
मी काठाकाठाने चालत होते,
घड्याळ मुठीत, मुठीला घाम,
आणि ती इतकी लांब, इतकी सावकाश सरकत होती
की मला वाटलं, ही विसरली की काय
कुठे आहोत ते.

तीन मिनिटं दहा सेकंद
आणि वर सात शतांश.
पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.
काठावर नापास, अगदी शब्दशः.

अशा वेळचा एक चेहरा मी आरशासमोर घोटून ठेवलाय.
तो लावला.
"तुम्ही असं का बघताय?" तिने विचारलं, धापत.
खिशात प्रश्नांचा कागद होता:
तीन चांगल्या गोष्टी, एक सुधारायची.
तो भिजून गेलेला.

मग तीच म्हणाली,
"सहाव्या टर्ननंतर मी मोजायचंच विसरले.
छान वाटत होतं."

सात शतांश तिथेच सांडले, हे मला कळलं.
तिला सांगावं की नाही,
हे नाही कळलं. अजून नाही.
वहीत वेळ लिहिली. पुढे रेघ मारली.
रेघेपुढे काही लिहिलं नाही.

परतताना पुलाखाली हंबर, चहासारखी मातकट.
गॉगल ओवेनच्या बुटात सापडला.
कोणी हसलं नाही, सगळे झोपलेले.

पार्किंगमध्ये आजोबा, थर्मास घेऊन.
ते वेळ कधीच विचारत नाहीत.
"खोल किती होतं?"
"दोन मीटर, आजोबा."
ते मान हलवतात, दर वेळी तशीच,
आणि तिची ओली बॅग
दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून,
गाडीत ठेवतात.