पाणसळ

तोम्स्कमधल्या या लाकडी घराचं तळघर
मुळात तळघर नव्हतंच.
शंभर हिवाळे माती गोठली, सुटली,
रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले,
आणि खालचा मजला हळूहळू जमिनीत गेला,
पंगतीतून कुणी न सांगता उठून जावं तसा.

मी तो घेतला तेव्हा खिडकीतून फक्त बूट दिसायचे.
दलाल म्हणाला, स्वस्तात पडतंय.
ओलीबद्दल चकार शब्द नाही.

मार्चभर भिंत खरवडली,
रात्रपाळी संपवून, इस्पितळातल्याच हातमोज्यांनी.
आधी फुलाफुलांचा कागद, मग हिरवा ऑइलपेंट,
मग चुना, मग फळ्या, फळ्यांआड भुसा,
भुशात उंदरांचं बिऱ्हाड,
आणि त्यात कुणाच्या तरी लोकरी मोज्याची टाच.
अख्ख्या घरात तेवढीच कोरडी.
बुडाचा ओंडका बोटानं उकरता यायचा,
शिळ्या पावासारखा.

रोदिओन आला चार जॅक घेऊन.
म्हणाला, घराला घाई सोसत नाही.
दिवसाला एक बोट. फार झालं.

वर राहतात अवगुस्ता येफिमोव्ना, भूगोलाच्या निवृत्त बाई.
घर उचलताना बाहेर थांबा म्हटलं, तर ऐकेनात.
"तीस वर्षं फळ्यावर नद्या काढल्यात मी.
उतार कुठे आहे ते मला कळतं."
बिटाच्या सूपचा वाडगा काठोकाठ भरून
टेबलाशी बसल्या,
आणि तक्तपोशीच्या फटीतून ओरडत राहिल्या:
"नदीकडे सांडलं!
आता बाजाराकडे! थांब, मेल्या, थांब!"
रोदिओनची पाणसळ खिशातच राहिली.

बारा दिवस, बारा बोटं.
कुजका ओंडका निघाला, लार्चचा नवा बसला, लालसर,
सांध्यांत शेवाळ ठोकलं.
घर वीतभर वर आलं.
त्या रात्री बाईंचं कपाट,
जे नवरा होता तेव्हापासून कधी लागलं नव्हतं,
आपोआप लागलं.
खाली येऊन त्यांनी ते सांगितलं, जरा रागानंच:
"दोरी बांधायची सवय होती मला."

आता खिडकीतून गुडघे दिसतात.
रोज सातला जाणारे ते जाडजूड तपकिरी बूट,
ज्यांना मी इतके दिवस म्हातारा समजत होते,
एका शाळकरी मुलीच्या पायांत आहेत.
चालताना टाच सुटते तिची.

ओल अजून आहे, कोपऱ्यात, तळहाताएवढी.
रंगाचा डबा उघडलाय.
तेवढ्यावर ब्रश फिरवला नाही अजून.