छाट

अशोक चौकात, चादरीच्या दुकानाला लागून
माझा काउंटर. रिचार्ज, सिमकार्ड, मोबाइल दुरुस्ती.
मे महिन्यात दुपारी तिथं सावलीसुद्धा थांबत नाही.
तेव्हा नरसव्वा येमूल आल्या,
नखांत तंबाखू, पदराला तेंदूच्या पानाचा वास,
हातात नवा फोन, खोक्यासकट,
पोरीनं भिवंडीहून पाठवलेला.

"ह्यातलं त्याच्यात घाल,"
म्हणून जुना फोन काचेवर ठेवला.
बॅटरी फुगलेली, मागचं झाकण उघडं,
वरून बिडीचा लाल दोरा
सात वेढे, पक्की गाठ.

मी नंबर टाकून बघितला.
दहा वर्षांपूर्वीचा प्लॅन. अमर्याद.
कंपनी आता तो कुणालाच देत नाही.
"मावशी, एवढं वापरता तरी काय?"
"काय नाही. ती असती."

रात्री आठला व्हिडिओ लागतो.
फोन सुपाला टेकवून ठेवायचा.
इकडं ह्या पत्र्याच्या मापानं पानं कापणार,
तिकडं पद्मजा टॉवेलच्या कडा शिवणार.
बोलणं असं नाही.
मधेच "तिन्नावा?"
आणि बऱ्याच वेळानं तिकडून "आँ, जेवले."
"झोपली की तिचा पंखा दिसतो.
त्याच्याकडं बघत मी हजार पुरे करते."

मग मी सांगितलं. सांगणं माझं काम.
नवा फोन तर नवं सिम,
नवं सिम तर नवा प्लॅन,
जुना जाणार, परत मिळणार नाही.
रोज दीड जीबी.

"काय सांगलालास?
दीड म्हणजे किती हजार?"
पावतीच्या मागं हिशेब केला,
दोन तास, फार तर अडीच.
"आणि न बोलता?"
न बोलायला वेगळा दर नाही, मावशी.

त्या हसल्या.
"कारखान्यात बी असंच.
हजाराला पन्नास छाट काढतात.
का काढली, ते सांगत नाहीत."

इथं माझी चूक झाली.
दुकानाच्या वायफायवर, नव्या फोनवरून
मी पद्मजाला एकदा लावून दिलं.
चित्र असं आलं की मीच मागं सरलो.
भिंतीचा पोपडा, कॅलेंडरावरची तारीख,
डोळ्यांखालचं काळं,
आणि डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण. जुना.
जुन्या फोनवर नेमका तिथूनच
काचेचा तडा जायचा.

नरसव्वांनी अंगठ्यानं ती जागा पुसली.
पुन्हा पुसली.
"एमैंदि?"
"काय नाही अम्मा. कधीचं आहे ते."
मागं कुणीतरी दार लावलं.

"घाल," म्हणाल्या. "नवंच घाल."
मी परत विचारलं.
यंत्रही दोनदा विचारतं.
हो. हो.
जुनं सिम त्यांनी मागून घेतलं,
बटव्यात सुपारीच्या खांडांत टाकलं.

जूनमध्ये पुन्हा आल्या.
पोरगी सव्वादहाला थांबते, म्हणाल्या,
भुवईवरून हात फिरवता फिरवता थांबते
आणि मधे गोल गोल काहीतरी फिरतं.
टॉपअप मारून देऊ का, मी म्हणालो.
रोज? रोजच लागेल.
त्या स्टुलावर बसल्या,
घाम पुसला, माझ्या पंख्याकडं बघितलं.

"पाण्यासारखं नाही का करता येत?
आमच्यात नळ चौथ्या दिवशी येतो.
रोजचं थोडं थोडं नको म्हणावं,
चौथ्या दिवशी एकदम सोडा.
मी भरून ठेवते.
बॅरल आहे, दोन हंडे आहेत,
तिची कळशी आहे."