एल. व्ही.

बारा आडवे, आठ उभे, शहाण्णव चौकोन.
त्यात मी नागपूर बसवलंय.
वर कोराडी, खाली बुटीबोरी,
डाव्या कोपऱ्यात काटोल, उजवीकडे कळमना,
आणि मधोमध तो डायमंड,
जिथे रूळ रुळाला काटकोनात छेदतो.
तो काढण्यात दोन रविवार गेले
आणि तरी पतंगासारखाच दिसतो.

माल तीनच प्रकारचा.
कोळसा काळा, सिमेंट करडं,
संत्र्याचा रंग मात्र शोधावा लागला नाही.
नव्वद सेकंदांत संत्री पोचली नाहीत
तर चौकोन तपकिरी होत जातो
आणि कळमन्याच्या अडत्याचं तोंड,
म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ,
वाकडं होतं.
एवढाच खेळ. सांधा बदला, गाडी सोडा, गुण घ्या.

बाबा एकोणतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
अजनीच्या यार्डातून डबा घेऊन निघायचे,
परत कधी, ते आईनं विचारणं सोडून दिलं होतं.
शनिवारी दुपारी चष्मा बनियनला पुसून
ते लॅपटॉपसमोर बसले, खुर्चीच्या अगदी काठावर,
आणि काटोलहून पहिली गाडी सोडली.

इंजिन कळमन्याला टेकलं.
टिंग. पन्नास गुण.
"पोचली," मी म्हटलं.
"काय पोचलं?"
"गाडी."
"हे तं इंजिन हाय वं. गाडी कुठी हाय?"

मी पाहिलं.
डायमंडच्या अलीकडे, वळणावर,
एक नारिंगी डबा एकटाच उभा.
मोजणी मी शून्यापासून सुरू केली होती
आणि एक आधीच थांबवली होती.
तीन आठवडे मी खेळत होते,
वरच्या मजल्यावरची अन्वेषा शाळेतून आली की खेळत होती,
ऑफिसातल्या दोघांनी खेळून "मस्त" म्हटलं होतं.
तो डबा कुणालाच दिसला नाही.
आम्ही सगळे इंजिनाकडे बघत होतो.

"अन् मांगून दुसरी आली तं?"
बाबा एवढंच म्हणाले.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
पंखा फिरत होता. खालून भंगारवाल्याची हाळी गेली.

नंतर चहा घेताना, कपाकडे बघत,
त्यांनी सांगितलं की गार्डाचं काम मागे बघणं.
शेवटच्या डब्याला पाटी असते, रात्री लाल दिवा.
गाडी धडधडत निघून जाते, मास्तर हलत नाही.
पाटी डोळ्यांनी पाहिली
की मगच मागच्या स्टेशनला फोन, पूर्ण आली.
तोवर मागचा रूळ कुणाचाच नाही.
"आता म्हणे आमच्या जागी डब्बीच लावतात.
लुकलुकते, अन् सांगते बी."
हे ते बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले,
बिस्किट तुटून कपात पडलं.

मी ती ओळ दुरुस्त केली.
शेवटच्या डब्याला एक लाल ठिपका दिला, एकच,
आणि टिंग तिथे नेऊन ठेवली.
अन्वेषा म्हणाली, "ताई, आता उशिरा वाजते."
"हो."
"मग इंजिन पोचल्यावर मी काय करू?"
"मागे बघ."
तिने माझ्याकडे असं बघितलं
जसं गणिताच्या तासाला कुणी श्लोक म्हटला.

रात्री पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत निळा उजेड.
बाबा खेळत होते.
काटोलची गाडी त्यांनी डायमंडच्या आधीच थांबवून ठेवली होती
आणि कोळशाला वाट दिली होती,
ज्याचे गुण मी ठेवलेलेच नाहीत.
कोळसा गेला. लाल ठिपका गेला.
ते तरी थांबलेच होते.
संत्री तपकिरी झाली, अडत्याचं तोंड वाकडं झालं,
पडद्यावर मी मोठ्या हौसेने बनवलेलं शून्य आलं.
मग त्यांनी गाडी सोडली, हळू,
आणि ती कळमन्यात शिरताना
बोट पडद्याला न लावता मोजत राहिले.

"अकरा," म्हणाले, मला नाही, कुणालाच नाही,
आणि लॅपटॉप बंद कसा करायचा ते आठवेना
म्हणून त्यावर नॅपकिन टाकून झोपायला गेले.