गिझर बंद ठेवायचा असतो

जूनमध्ये इथे गिझर बंद ठेवायचा असतो
हे लीलाम्माने शिकवलं,
मुहर्रकला आल्याच्या तिसऱ्या दिवशी, माझा ओरडा ऐकून.
नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, तापून.
गिझरमधलं आपलं घरात बसून निवतं.
म्हणजे लाल खुणेचा नळ थंड, निळा पोळणारा.
महिनाभर हात चुकत राहिला.

चिंचेला इथे हिंदचा खजूर म्हणतात.
सासूबाईंना कळवलं.
"आपली चिंच ती चिंच," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सहा नंबरच्या खाटेवरचे अब्दुलनबी सांगत होते,
त्यांचा बाप भर समुद्रात बुडी मारून
कातडी पिशवीत गोडं पाणी भरून आणायचा.
खाऱ्याच्या तळाशी गोडे झरे होते म्हणे.
मी मान हलवली,
तापात बडबडणाऱ्यापुढे हलवतात तशी.
रात्रपाळीच्या सिस्टरना सहज विचारलं,
तर खरं निघालं.
सकाळी त्यांची उशी दोनदा नीट केली.
माफी कशी मागतात ते अजून अरबीत येत नाही.

सलाईन संपलं की ते म्हणतात, "खलास!"
पहिल्यांदा मी दचकून मागे बघितलं होतं,
आपल्याकडचं कोण आलं?

शुक्रवारी अर्णवला हे सगळं सांगते.
परवा म्हणाला, मलापण एक कळलंय.
काय रे?
सगळ्यात वरच्या फळीवरचा गुळाचा डबा
रिकामाच आहे.

स्टूल घेतलंस?

नाही.