पत्रक क्रमांक चार

नकाशा पसरला की आपोआप गुंडाळतो,
म्हणून लव्हिनियाबाई चार कोपऱ्यांवर ठेवतात
चहाचा मग, काडतुसांची डबी, चष्म्याचं घर
आणि धुरावलेल्या साल्मनचा एक तुकडा.
त्याचं तेल १९१३ च्या कागदात हळूहळू उतरतं.
उतरू दे, म्हणतात,
तिथे नुसतं पांढरं आहे. 'मोजणी झालेली नाही.'

तपकिरी रेषा, दोनशे फुटांना एक.
चढावर दाटीवाटीनं,
दलदलीत एकेकट्या, वाट चुकल्यासारख्या.
ब्रेक्के नावाचा मोजणीदार
रात्री अकराच्या उन्हात डास मारत त्या ओढत राहिला,
आणि जिथे जाववलं नाही, तिथली वाट
त्यानं सामान वाहणाऱ्या माणसाला विचारून काढली.
विचारून काढलेली रेषा तुटक असते.
"हे आमचे आजोबा," बाई म्हणतात,
आणि त्या तुटकपणावर बोट ठेवतात.

नाल्यांना नावं सोनं शोधणाऱ्यांनी दिली:
उधारी. मेबल. दुसरी मेबल.
एका ओहोळाला नुसतं 'पुरे'.
नद्यांची मात्र जुनीच, ऐकू आली तशी लिहिलेली,
शेवटी 'ना'.
बाईंच्या भाषेत ना म्हणजे नदी.
मी मराठी कानानं वाचतो,
आणि एकेक नदी मान हलवते.

सोनं निघालं, तीन उन्हाळे.
ह्या काळ्या ठिपक्यात दंतवैद्य होता, ह्यात पियानो.
पुढच्या आवृत्तीत ठिपके पोकळ झाले.
यंत्रानं नदी उपसून मागे टाकलेल्या गोट्यांचे ढीग तेवढे
इमानानं मोजले: चाळीस फूट,
टेकडीचा मान देऊन.

आता खालचा गोठा सुटतोय, जमीन बसतेय.
कबरस्तानाचा क्रॉस कागदावर काठापासून बोटभर आत,
खरा मागच्या मे महिन्यात पाण्यात गेला.
मोजायला कोणी आलं नाही.

मी विचारतो, ही वाट एवढा वळसा का घेते?
बाई हसतात. बराच वेळ हसतात.
आत तळं होतं, हिवाळ्यातही मासे देणारं.
आजोबांनी साहेबाला सांगितलं, तिकडे काही नाही.
मरेपर्यंत ही गोष्ट सांगून जेवायचे.

मी पेन्सिल पुढे करतो.
त्या घेत नाहीत. साल्मनचा तुकडा उचलून
अर्धा मोडून मला देतात,
आणि खालचा डाग निरखतात:
आकार जवळपास बरोबर आहे,
उत्तरेचा काठ तेवढा चुकलाय.