टप आणि पोट वगळून

एलिस स्प्रिंग्जला गाडी भाड्याने देणारा लॅकलन
पाढे म्हणावेत तसा एका सुरात
करार वाचून दाखवत होता.
विमा सगळ्याला आहे, म्हणाला,
टप आणि पोट वगळून.
काच वगळून. टायर वगळून.
डांबर संपेल तिथून पुढचं सगळं वगळून.
सूर्य बुडाल्यावर जो कांगारू आडवा येईल
तो तुमचा.
‘मग विमा आहे तरी कशाला?’ हेझलने विचारलं.
त्याने बराच विचार केला.
‘दारांना,’ म्हणाला.

गाडी पांढरी, परीटघडीची.
बॅलरटच्या पोस्टातून निवृत्त होताना मला मिळालेल्या
घड्याळाच्या डब्याहून थोडीशीच मोठी.
तासाभरात ती गुलाबी झाली,
दुपारी विटकरी,
संध्याकाळी आम्ही तिला ओळखेना.
ती धूळ काच बंद असली तरी येते,
सँडविचात येते,
हेझलच्या चष्म्याच्या मिटलेल्या डबीत येते.
पुढल्या जन्मी आम्ही विटा होणार, हे नक्की.

रस्ता इतका सरळ
की फोनमधली बाई
‘चारशे बारा किलोमीटरनंतर डावीकडे वळा’
एवढं बोलून गप्प झाली.
बिचारीची आजची नोकरी संपली, हेझल म्हणाली.
चारशे अकरा किलोमीटर आम्ही त्या वळणाची वाट पाहिली.
वळण आलं तेव्हा भांडण चालू होतं,
चौऱ्याण्णवच्या नाताळात टर्की कुणी करपवली यावर.
वळण गेलं.
पुढे जे पहिलं डावं दिसलं ते घेतलं.
डावं ते डावं.

डांबर कधी संपलं ते आम्हाला कळलं नाही,
आमच्या दातांना कळलं.
हेझलचं ‘तुला सांगितलं होतं’
सात तुकड्यांत माझ्यापर्यंत पोचलं.
मग गाडीच्या पोटात काहीतरी निखळलं.
जिथे विमा नाही, दुखणं नेमकं तिथेच.

उतरलो. शांतता.
फक्त माशा, त्याही थेट नाकात.
कुठूनसा एक इमू आला,
लॅकलनसारखीच गाडीभोवती एक फेरी मारली,
वाकून खाली पाहिलं,
आणि टपावर चोच मारून निघून गेला.
टप. वगळून.

दीड तासाने एक पिकअप आला.
मागे तीन कुत्री, पुढे वेल्मा,
सत्तरीची, अनवाणी.
काही न विचारता गाडीखाली सरकली.
कुंपणाची तार, दोन वेढे, एक शिवी.
‘भाड्याची?’ खालूनच विचारलं.
हो म्हणालो.
‘विमा?’
‘दारांना.’
ती इतकी हसली की कुत्री भुंकायला लागली.
‘दारं छान आहेत हो,’ बाहेर येत म्हणाली.
पैसे घेतले नाहीत. आल्याची बिस्किटं घेतली, पुडा अख्खा.
घर कुठे, विचारलं तर म्हणाली, हे काय जवळच,
एकशे दहा किलोमीटर.
जाताना एक शिकवून गेली:
समोरून गाडी आली
की चाकावरून एक बोट उचलायचं.
नाव नको, गाव नको. बोट पुरे.

त्यानंतर नऊ गाड्या भेटल्या, नऊ बोटं.
तीन डब्यांचा एक अजस्र ट्रक तर
आम्हाला जवळजवळ उडवतच गेला,
पण बोट उचलून.

कूबर पीडीत जमिनीखालच्या खोलीत झोपलो.
‘इथे टपाची काळजी नाही,’ हेझल म्हणाली,
आणि त्या मिट्ट काळोखात कबूल केलं,
टर्की तिनेच करपवली.
मी काही बोललो नाही.
ओव्हनचं बटण मी फिरवलं होतं.

ॲडलेडला एका मुलीने गाडी तपासली.
चारही दारं उघडली, लावली,
कागदावर बरोबरची खूण केली.
खाली कुणी वाकलं नाही.
वेल्माची तार अजून फिरत असेल कुणाकुणाला घेऊन.

परतताना टॅक्सी सिग्नलला थांबली.
शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघून
माझं बोट आपोआप उठलं.
त्याने काच वर केली.
हेझलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
पर्सवरून तिचंही एक बोट
हळूच वर आलं.