स्पंजखालचा घोडा

मे महिन्यात नागपूरला रंग वाळायला
मिनिटही लागत नाही.
कूलरसमोर बसलं तर त्याहून लवकर.

म्हणून हा जुना स्टीलचा डबा,
ओला स्पंज, वर बटर पेपर,
कागदावर ज्वारीच्या दाण्याएवढे रंग,
बोटभर उंचीच्या घोडेस्वारांसाठी.

कोराडीला दोन दिवस डबल शिफ्ट झाली
आणि झाकण उघडलं तर कुबट वास,
स्पंजावर काळे ठिपके.
उके काकू म्हणाल्या, उकळत्या पाण्यात टाक,
साबण नको, फेस राहून जातो,
आणि खाली तांबं ठेव.

इतवारीत मोडीचा माल घेणाऱ्याकडे मिळाला
एक पैसा, घोडा छापलेला,
पाय उचललेला, शेपूट झिजलेली.
वीस रुपये घेतले त्यानं एका पैशाचे.

आता रविवारी
कागद बदलतो,
जुन्या चिनीमातीच्या ताटलीवरच्या साली नखानं सोलतो.
पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली
तो तांबूस, जो पुन्हा कधी जमला नाही.
ती साल फेकवत नाही.
काडेपेटीत आहे.

ब्रश धुतलेलं पाणीही लगेच ओतत नाही;
खोगिराच्या चुणीतली सावली
त्या गढूळातूनच निघते.

अख्ख्या राज्याची वीज करून घरी येतो
आणि आमच्याच गल्लीतले दिवे जातात.
कूलर थांबतो. घाम ताटलीत पडू नये म्हणून
मान मागे घेऊन
टॉर्चच्या उजेडात स्पंज उचलतो.

घोडा जागेवर.
कडेनं हिरवट चढलंय त्याला.

हा हिरवा माझ्याकडे नव्हता.